पट्टीमास्तरांचे पाच साक्षीदार

पट्टीमास्तर निवृत्त झाले तेव्हा रुग्णालयाने त्यांना भिंतीवरचं घड्याळ भेट दिलं, आणि ते घरी आणल्याआणल्या बंद पडलं. त्यांच्या बायकोला याचं काही नवल वाटलं नाही. नवऱ्याच्या हाती लागलेल्या वस्तूचं पुढे काय होतं हे तिने संसारभर पाहिलं होतं. तिने ते घड्याळ तसंच टांगून ठेवलं. पाहुण्यांनी विचारलं की ती सांगायची, "त्यांना दिलंय."

मास्तर म्हणजे शाळेतले मास्तर नव्हेत. रुग्णालयात ते लोकांचे कार्डिओग्राम काढत. छातीवर रबरी वाट्या चिकटवायच्या, हातापायांना चिमटे लावायचे, बटण दाबायचं आणि यंत्रातून बाहेर येणारी चौकडीची पट्टी फाडून डॉक्टरांपुढे नेऊन ठेवायची, एवढंच काम. पट्टीवर काय उमटलंय हे सांगायची त्यांना परवानगी नव्हती. रोगी काकुळतीने विचारायचा, "बरं आहे ना हो सगळं?" मास्तर म्हणायचे, "डॉक्टर सांगतील." उभ्या नोकरीत त्यांनी हे एकच वाक्य म्हटलं. डॉक्टर पट्टीवर नजर टाकल्यासारखं करून "ठीक" म्हणायचे, आणि मास्तर संध्याकाळी घरी येऊन चरफडायचे. "गाढव आहे तो. तिसऱ्या ओळीतलं त्याला दिसलंच नाही." रोगी मात्र खडखडीत बरे होऊन घरी जायचे, त्यामुळे तिसऱ्या ओळीत नेमकं काय होतं ते कधीच कुणाला कळलं नाही.

बायको पूर्वी एका शाळेच्या कार्यालयात कारकून होती. नोकरीआधीच्या तपासणीला ती त्या रुग्णालयात गेली होती, तिथेच दोघांची गाठ पडली. टेबल थंडगार होतं, ती कुडकुडत होती. पट्टीवाला तरुण तेव्हा म्हणाला होता, "हलू नका. तुम्ही थंडीने थरथरलात तरी माझं यंत्र ते दुखणं म्हणून लिहील. त्याला काय, अंगाला लागलेलं सगळंच ते हृदयाच्या नावावर टाकतं." मग त्याने स्वतःचा स्वेटर तिच्या पायांवर टाकला आणि पुन्हा पट्टी काढली. ती पट्टी स्वच्छ आली. हा माणूस हुशार आहे असं तिला त्या दिवशी वाटलं. पुढे तसं वाटण्याचा प्रसंग फारसा आला नाही, पण तो एक होता हे ती नाकारत नसे.

निवृत्तीनंतर मास्तर दोन-चार महिने नुसते खिडकीत बसले. मग खालच्या मजल्यावरच्या कॅशियरने, तोही बँकेतून निवृत्त झालेला रिकामटेकडाच, त्यांना मोबाईलवर एका शेअरचा आलेख दाखवला. चौकडीचा कागद, त्यावर वरखाली जाणारी रेघ. मास्तरांचे डोळे चमकले. इथे रेघ होती आणि मध्ये डॉक्टर नव्हता. "रेघ ती रेघ," ते म्हणाले. "छातीची काय आणि शेअरची काय. वाचणारा पाहिजे." कॅशियरने मान डोलावली. कॅशियरने आयुष्यभर दुसऱ्यांच्या नोटा मोजल्या होत्या, त्यामुळे ठामपणे बोलणाऱ्या कुणापुढेही मान डोलवायची त्याला सवय होती.

झालं. पी हळद आणि हो गोरी. महिन्याभरात मास्तर बाजाराचे वैद्य झाले. त्यांनी पाच निर्देशक निवडले आणि त्यांना ते साक्षीदार म्हणू लागले. पहिला साक्षीदार चलसरासरी, म्हणजे गेल्या काही दिवसांच्या भावाची सरासरी. जवळच्या दिवसांची सरासरी लांबच्या दिवसांच्या सरासरीला ओलांडून वर गेली की घ्या. दुसरा आरएसआय, शून्य ते शंभरातला एक आकडा. सत्तरच्या वर गेला तर लोकांनी शेअर हावरटासारखा घेतलाय, तिसाच्या खाली गेला तर घाबरून फुंकलाय. तिसरा दोन सरासऱ्यांमधलं अंतर मोजायचा आणि जोर वाढतोय की ओसरतोय ते सांगायचा. चौथा भावाच्या वर-खाली दोन पट्टे आखायचा; भाव वरच्या पट्ट्याकडे सरकला की गुण, खालच्या पट्ट्याला टेकला की स्वस्त. पाचवा व्हॉल्यूम, म्हणजे दिवसभरात किती शेअर हातोहात फिरले. प्रत्येक साक्षीदाराचा एक गुण. पाचापैकी पाच गुण मिळाले की मास्तर त्या शेअरला "भक्कम" म्हणायचे, तीनच्या खाली "आजारी".

"एक माणूस खोटं बोलेल," मास्तर बायकोला समजावून सांगायचे, "पण पाच साक्षीदार एकच गोष्ट सांगतात तेव्हा ती खरी असते."

"हे पाचही जण ती गोष्ट कुठून ऐकून येतात?" बायकोने विचारलं.

"भावावरून. भाव आणि व्यवहार."

"म्हणजे एकाच घरचे पाच भाऊ. भांडणात घरचे साक्षीदार कोण धरतं?"

"तुला नाही कळायचं," मास्तर म्हणाले. तिला कळायचं नाही असं ठरलं की घरातली पुष्कळ चर्चा वाचत असे.

दर रविवारी सकाळी त्यांच्या हॉलमध्ये वर्ग भरू लागला. कॅशियर, समोरचा दंतवैद्य, एक विमा एजंट, इस्त्रीवाल्याच्या दुकानावर राहणारे दोघे भाऊ, आणि असेच आणखी चारपाच. सगळे पन्नाशीच्या पुढचे, सगळे घरात कुणी विचारत नसलेले. उथळ पाण्याला खळखळाट फार, तसा त्या हॉलमध्ये नुसता कलकलाट. ज्याला स्वतःच्या गॅसची तारीख लक्षात राहत नाही तो "खालच्या पट्ट्याला आधार मिळालाय" असं म्हणायचा आणि बाकीचे "हो हो, मिळालाय" म्हणायचे. दंतवैद्य तर सोमवारी रोग्याच्या तोंडात आरसा घालूनही आरएसआय बघायचा असं त्याचीच बायको सांगत होती. मास्तरांना सगळे "सर" म्हणायचे. "सर" ऐकलं की मास्तरांची मान ताठ व्हायची आणि त्यांची बायको स्वयंपाकघरात पातेली जरा जोरात ठेवायची.

या वर्गात आणखी एक जण कायम हजर असे, कारण तिला जायला जागाच नव्हती. ती म्हणजे आक्का, मास्तरांची थोरली बहीण. आक्काचं आणि तिच्या नवऱ्याचं चपलांचं दुकान होतं. नवरा वारल्यावर तिने दुकान आणि वरची खोली विकली आणि "चार दिवस" भावाकडे आली. येताना एक सोफा घेऊन आली. हिरवा, अवाढव्य, हातांवर सिंहाची तोंडं कोरलेला. तो दारातून आत घ्यायला दार काढावं लागलं होतं. ते चार दिवस संपून दोन वर्षं झाली होती. आक्का त्या सोफ्यावर झोपायची, त्यावरच बसून भाजी निवडायची, त्यावरच डुलक्या घ्यायची, आणि हॉल नावाची गोष्ट घरातून नाहीशी झाली होती.

भावजय तिला कधी उलटून बोलली नाही. फक्त रोज सकाळी सोफ्यापाशी उभी राहून एवढंच म्हणायची, "आक्का, लोक यायच्या आत अंथरूण आवरा. घर आहे, धर्मशाळा नाही." आक्का चादरीची घडी घालायची. घडी अशी चोख घालायची की त्यातही भावजयीला टोमणा दिसायचा.

आक्काला आपल्या दोन खोल्या घ्यायच्या होत्या, पण दुकानाचे पैसे तेवढे पुरत नव्हते. ते पैसे बँकेत पडून होते आणि मास्तरांच्या डोळ्यांत सलत होते. "पैसा झोपून राहिलाय, आक्का," ते म्हणाले. "मी तो उठवतो." आक्काने नेहमीप्रमाणे "बरं" म्हटलं. मास्तरांनी तिच्या नावाने खातं उघडलं, तिच्याच मोबाईलवर ते बसवून दिलं, आणि सगळे पैसे एका शेअरमध्ये घातले. मग मोबाईल तिच्या हातात देऊन म्हणाले, "हे हिरवं बटण घ्यायचं. हे लाल विकायचं. लालला हात लावायचा नाही." आक्का "बरं" म्हणाली.

तो शेअर होता बाटल्यांची बुचं बनवणाऱ्या एका लहानशा कंपनीचा. कुणी नावही ऐकलेलं नव्हतं, दिवसाकाठी मूठभर शेअर इकडचे तिकडे व्हायचे. वर्गाला सांगायला मास्तरांनी तोच का निवडला? कारण एका आठवड्यात त्याला पाचापैकी पाच गुण पडले. त्या आठवड्यात मास्तरांनी आक्काचे सगळे पैसे त्यात ओतले होते, ही गोष्ट त्यांनी त्या गुणांशी जोडून पाहिली नाही.

रविवारी त्यांनी वर्गाला सांगितलं, "भक्कम." सोमवारी वर्गाने घेतला. शेअर वर गेला. साक्षीदारांनी पुन्हा पाचापैकी पाच गुण दिले. पुढच्या रविवारी मास्तर म्हणाले, "बघा, सांगितलं नव्हतं?" सोमवारी वर्गाने आणखी घेतला. रेघ चढतच गेली. आता जिन्यात लोक भेटले की बुचाबद्दल बोलायचे. दंतवैद्याने नवी खुर्ची घ्यायचं ठरवलं. कॅशियरने आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी सल्ला दिला.

एका रविवारी मास्तरांची बायको चहाचा ट्रे घेऊन हॉलमध्ये आली आणि तशीच उभी राहिली. "एक विचारू?" ती म्हणाली. "तुम्ही सगळ्यांनी घेतलंय ना ते बूच?"

सगळ्यांनी घेतलं होतं. विमा एजंटाने तर बायकोच्या नावानेही घेतलं होतं आणि ते त्याने मोठ्या अभिमानाने सांगितलं.

"मग तुमच्याशिवाय ते कोण घेतंय?"

"बाजार, वहिनी," दंतवैद्य म्हणाला.

"बाजार म्हणजे कोण?"

यावर दंतवैद्य हसला, आणि तो हसला म्हणून बाकीचे हसले. ती हसली नाही. तिला ते थंड टेबल आठवलं. लोक गेल्यावर ती नवऱ्याला म्हणाली, "अहो, हे तुमचंच थरथरणं असेल. तुम्ही नऊदहा जण हलता आणि ती रेघ हलते. तुम्हीच नव्हता का म्हणालात मला, यंत्र अंगाला लागलेलं सगळंच लिहितं?"

मास्तरांचा मोबाईलवरचा अंगठा थांबला. त्या क्षणी ते सावरले असते. पण जन्मभर "डॉक्टर सांगतील" म्हणून पोटात दाबलेली हौस एवढ्यावर थोडीच दबणार. "कार्डिओग्राम वेगळा आणि बाजार वेगळा," ते म्हणाले. रेघ ती रेघ म्हणणारे हेच गृहस्थ. सोयीचं असलं की छाती आणि शेअर एक, अडचणीचं झालं की वेगळे.

इथे तिने हात आखडता घ्यायला हवा होता. ज्याला आयुष्यभर बिनकामाचा ठरवला त्याच्या अकलेवर विश्वास टाकायचा नसतो, एवढं तिला नक्की कळत होतं. पण मास्तरांनी तिला नेमकी जागा पकडून विचारलं. त्यांच्या भविष्यनिर्वाह निधीचे पैसे आले होते. पेन्शन दोघांनाही नव्हती; पुढचं सगळं म्हातारपण त्या पैशांवर काढायचं होतं. मास्तर म्हणाले, "हेही घातले तर शेअरला आणखी बळ येईल. आक्काचे पैसे वर्षाच्या आत खोल्यांएवढे होतील. मग हॉल तुझा."

तिने हॉलकडे पाहिलं. सिंहाच्या तोंडावर आक्काचा टॉवेल वाळत होता. सोफ्याच्या जागी दोन खुर्च्या, मध्ये एक लहान टेबल, खिडकीला फिकट पडदे, हे सगळं तिने मनात दोन वर्षं मांडून ठेवलं होतं. नवऱ्याच्या निर्देशकांची ती अजूनही टरच उडवत होती. तरी ती म्हणाली, "घाला."

त्यानंतर बूच जरा डळमळू लागलं. दर सोमवारी थोडं खाली यायचं आणि परत सावरायचं. मास्तरांना याचा आनंदच झाला. खाली आलं की ते म्हणायचे, "खालच्या पट्ट्याला टेकलं. स्वस्त झालं. घ्या." स्वतःही निधीतले थोडे थोडे पैसे घालायचे. आणि पाचवा साक्षीदार, व्हॉल्यूम, तर नुसता ओरडत होता. पूर्वी दिवसाला मूठभर शेअर फिरायचे, आता पोतंभर. "मोठे लोक शिरलेत," मास्तरांनी वर्गाला सांगितलं. "एवढा माल कुणी उगाच हलवत नाही. कुणीतरी फार मोठं आहे यामागे." वर्गाने आदराने माना डोलावल्या. सोफ्याच्या कोपऱ्यात आक्का भिंतीला डोकं टेकून डोळे मिटून बसली होती.

निधी संपला. वर्गातल्या बाकीच्यांचेही खिसे रिकामे झाले.

त्यानंतरच्याच एका दुपारी आक्काने चहाच्या कपाशेजारी एक चावी ठेवली.

"ही कुठली?" भावजयीने विचारलं.

"माझ्या घराची. मागच्या गल्लीत दोन खोल्या घेतल्या. पुढची रस्त्यावर उघडते, तिथे चपला मांडीन म्हणते." आक्काने चहा बशीत ओतला. "खूप केलंत तुम्ही माझं."

मास्तर मोबाईलमधून डोकं वर काढून म्हणाले, "पैसे कुठून आले?"

"बुचाचे."

"बूच विकलंस? मी सांगितलं होतं ना, लालला हात लावायचा नाही म्हणून?"

"सांगितलंस खरं. पण जन्मभर चपला विकल्या रे मी. गिऱ्हाईक जोडा पायात घालून आरशापुढे उभं आहे तोवर पेटी बांधायची. तू रविवारी सगळ्यांना सांगायचास, घ्या घ्या. मला कळायचं, उद्या गिऱ्हाईक येणार. मग सोमवारी सकाळी थोडं विकायचे. सगळं एकदम नाही काढलं हो, दुकान पडतं एकदम काढल्यावर."

"सोमवारी," मास्तर म्हणाले. "दर सोमवारी."

"दर सोमवारी."

"पण दर सोमवारी तर मी घेत होतो."

मास्तरांच्या बायकोला सगळं आधी उमगलं. तिने हातातली किटली खाली ठेवली. तिचा हॉल रिकामा होणार होता, आणि तो तिने स्वतःच्या म्हातारपणाचे पैसे मोजून रिकामा करून घेतला होता. "म्हणजे आक्का, तुमचं बूच आमच्या घरात आलं," ती म्हणाली.

"अगंबाई," आक्का म्हणाली. भाऊही घेणाऱ्यांत आहे हे तिला खरोखरच ठाऊक नव्हतं. "तिथे घेणाऱ्याचं नाव कुठे दिसतं? मला वाटलं बाजार घेतोय."

मास्तरांनी आलेख उघडला आणि व्हॉल्यूमचे ते उंच उंच खांब पाहत राहिले. ते मोठे लोक, ते फार मोठं कुणीतरी, समोर बशीतून चहा पीत बसलं होतं. एका खोलीत दोघं बहीण-भाऊ, एक विकतेय, दुसरा घेतोय, आणि भाऊ बाजाराची नाडी पाहतोय. आक्काने पैसे परत देऊ केले नाहीत; ते आता भिंतींमध्ये गेले होते. आणि मागणार तरी कुठल्या तोंडाने? तिने आपला माल विकला होता.

चार दिवसांनी चार माणसांनी येऊन पुन्हा दार काढलं आणि सोफा नेला. हॉल मोकळा झाला. मास्तरांच्या बायकोने खुर्च्या आणल्या नाहीत.

पुढच्या सोमवारी दंतवैद्याला नव्या खुर्चीसाठी पैसे लागले, म्हणून त्याने थोडे शेअर विकायला काढले. घेणारा कुणीच नव्हता. घेणारे जे होते ते सगळे विकणारेच होते. बूच खाली आलं, दुसऱ्या दिवशी आणखी खाली, आणि मग ते रोज सकाळी उघडल्याउघडल्या खालीच. वर्गातले लोक जिन्यात मास्तरांना चुकवू लागले. कॅशियर तर पायऱ्यांवर पावलं ऐकू आली की घरात शिरून दार लावायचा. त्यांना सगळ्यांना आपण शहाणे आहोत असं वाटायचं तोवर "सर" हवे होते, आता आपण मूर्ख ठरलो म्हटल्यावर दोष ठेवायलाही तेच हवे होते. मास्तरांचे पाचही साक्षीदार मात्र जागेवर होते, आणि आता पाचही जण एकमुखाने "आजारी" म्हणत होते.

मास्तर काम शोधायला गेले. एका तपासणी केंद्रात त्यांना नवं यंत्र दाखवलं. ते पट्टीही काढत होतं आणि पट्टीखाली काय झालंय तेही छापून देत होतं. "आता वाचणाऱ्याची गरज नाही काका," तिथली मुलगी म्हणाली. मास्तरांनी ती छापलेली ओळ वाचली आणि घरी येऊन यंत्राला गाढव म्हटलं.

घर भाड्याने दिल्याशिवाय भागणार नव्हतं. आणि घर भाड्याने दिल्यावर राहायचं कुठे, याचं उत्तर एकच होतं. आक्काने विचार करायलाही वेळ घेतला नाही. "या की," ती म्हणाली. "सोफा आहेच."

सोफा पुढच्या खोलीत होता. त्याच्यासमोर भिंतीला फळ्या ठोकून आक्काने चपला मांडल्या होत्या. पहिल्या सकाळी मास्तरांच्या बायकोला जाग आली तेव्हा तिच्या गालावर सिंहाच्या दातांचे वळ उठले होते. रुग्णालयाचं ते घड्याळ आक्काने हौसेने या खोलीत टांगलं होतं आणि नवी बॅटरी घातल्यावर ते सुरूही झालं होतं. हे घड्याळ बिघडलेलं नव्हतंच, नुसती बॅटरी गेली होती, हे तिला आता कळलं.

आक्का आतून आली. तिच्या हातात दुकानाच्या कुलपाची चावी होती. ती सोफ्यापाशी थांबली आणि अगदी साध्या, मऊ आवाजात म्हणाली, "अगं, लोक यायच्या आत अंथरूण आवरतेस का? गिऱ्हाईक येईल."

त्या आवाजात टोमणा असता तर बरं झालं असतं. टोमण्याला उत्तर देता येतं. मास्तरांची बायको उठली आणि तिने चादरीचं एक टोक धरलं. दुसऱ्या टोकाशी मास्तर मांडी घालून मोबाईल बघत बसले होते.

"आरएसआय अठरा झालाय," ते म्हणाले. "इतका खाली कधीच नव्हता. इथून आता वळणार."

"उठा," ती म्हणाली. "चादर तुमच्याखाली अडकलीय."